भार्गवीचा पहिला नंबर

मंडपवाला बांबू रोवत होता तेव्हाच मी मल्लूअण्णांचा हिशेब मनातल्या मनात मांडून मोकळी झाले. स्पर्धा पार पडली की पेपरात फोटो. फोटो आला की सर्वसाधारण सभेत मैदानाच्या दुसऱ्या वर्षाच्या पैशांना कुणी आडवं येणार नाही. पैसे मंजूर झाले की मैदान चालू, मैदान चालू राहिलं की सूतगिरणीमागच्या गल्ल्यांमधल्या आया खूश, आणि आया खूश म्हणजे पुढच्या डिसेंबरात नगरसेवक पुन्हा मल्लिनाथ उमदीकर. अण्णांच्या स्वतःच्या खिशातून काय जाणार, तर एक नारळ. तोही त्यांनी नंतर बिलात लावला. पासही मीच केला.

"सोनटक्के मॅडम, असं तोंड करून का उभ्या आहात ओ?" अण्णा म्हणाले. "आज कार्यक्रम आहे. जरा हसा की."

मी म्हटलं, "बॅनर वाचत होते."

बॅनरवर अण्णांचा फोटो मोठा होता आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: भव्य सुदृढ बालक स्पर्धा.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात होते. आदल्या वर्षी आमच्याकडं एक वेगळाच निधी आला होता: गरीब वस्त्यांमधल्या मुलांना लठ्ठपणा येऊ नये म्हणून. पत्र वाचून अख्खा विभाग हसला. आमच्या गावातली पोरं कधी जाड होती? बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. रोखपाल भोसगे म्हणाला, हे पैसे चुकून आपल्या पत्त्यावर आलेत, परत पाठवा. पण आलेले पैसे परत पाठवायची पद्धत आमच्या नगरपरिषदेत नव्हती. मग मुख्याधिकाऱ्यांनी छाया वाघमोडे नावाची एक मुलगी मानधनावर घेतली. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. तिला सांगितलं, जा आणि जाड मुलं शोधून आण.

तिनं आणली. सूतगिरणीमागच्या वस्तीतच सापडली, आणि थोडीथोडकी नव्हती. ती नेहमी बंद दारांच्या आड असायची म्हणून आम्हाला कधी दिसली नव्हती, एवढंच.

त्या वस्तीतले बाप बहुतेक लूमवर किंवा भिवंडीला, आया गणवेश शिवायच्या कारखान्यात. शाळा सकाळची. पोरं दुपारी घरी येणार, आई रात्री आठला. मुलीला एकटीला गॅस पेटवू द्यायचा नाही आणि उन्हातान्हात रस्त्यावरही सोडायचं नाही. म्हणून आया कडी बाहेरून लावायला शेजारणीला सांगून ठेवायच्या, आणि आत खिळ्याला रंगीत पाकिटांची माळ लटकत असायची. पाकिटाला गॅस लागत नाही. छायानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "मॅडम, दुपारभर एका खोलीत बसून पोरगं करणार काय? खाणार. तुम्ही असता तर तुम्हीपण खाल्लं असतं."

माझ्या खोलीवरही संध्याकाळी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. एका माणसाचा भात कुकरच्या तळाशी इतका थोडा दिसतो की झाकण लावताना लाज वाटते. पण मी काही जाड झाले नाही. मी उलटी बाजू होते. माझं जेवणच कमी झालं होतं.

छायानं त्या निधीतून फार काही विकत घेतलं नाही. गिरणीचं ओसाड पडलेलं मैदान साफ करून घेतलं, चार चेंडू, दोऱ्या, एक वजनकाटा. बाकीचा सगळा खर्च म्हणजे ती स्वतः. दुपारी तीनला ती गल्लीगल्लीतून जायची, एकेका दाराची कडी काढायची आणि आतलं पोर, जाड असो की बारीक, बाहेर काढायची. आयांनी ते चालवून घेतलं, कारण बाई होती आणि नगरपरिषदेची होती. वजन ती राखणदाराच्या खोलीत दार लावून करायची आणि आकडा कुणाला सांगायची नाही. मुलांनी एकमेकांना विचारायचं नाही, असा तिचा कायदा होता.

मी हजेरीवर सही घ्यायच्या निमित्तानं तिथं जायला लागले. पहिल्यांदा आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. मुलं मला पैशाच्या बाई म्हणायची.

भार्गवी म्याकल माझ्याशेजारी येऊन बसायची. नऊ वर्षांची, चौथीतली, त्या मैदानावरची सगळ्यांत जाड मुलगी. पहिले दोन महिने ती मैदानाच्या कडेच्या कडुलिंबापर्यंत चालत जायची आणि दम लागला की कट्ट्यावर, माझ्याजवळ. एकदा तिनं मला नीट निरखून विचारलं, "तुम्ही का नाही खेळत ओ बाई?"

"माझं वय झालं."

"मग घरी का जात नाही?"

"तुला गं कशाला पंचाईत?"

"तसं नाही," ती म्हणाली. "आमच्या घरीपण कुणी नसतंय."

त्यावर मी हजेरीपत्रक उघडून बसले. नऊ वर्षांच्या पोरीनं माझी शिल्लक इतकी अचूक काढावी हे मला फारसं आवडलं नव्हतं.

पण ती हळूहळू उठायला लागली. दिवाळीनंतर तिला दोरीच्या खेळात घ्यायला लागले. आधी नुसती दोरी फिरवायला, मग आत उडी मारायला. श्वेता नावाच्या एका काटकुळ्या, तोंडाळ पोरीशी तिचं जमलं. श्वेता तिला "आमची म्हैस" म्हणायची आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला मारायला धावायची. फेब्रुवारीत मी एकदा कट्ट्यावर गेले तर जागा रिकामी. भार्गवी समोर धावत होती. माझ्या शेजारी कुणी बसायला नाही याचं मला वाईटही वाटलं आणि चांगलंही. कुठलं जास्त, ते मी तेव्हा ताडून पाहिलं नाही.

मार्च आला आणि जनजागृतीच्या लेखाशीर्षाखालचे पैसे उरले. महिनाअखेरीआत खर्च नाही झाले तर वर परत जाणार. अण्णांच्या डोक्यात स्पर्धा आली. फाईल माझ्या टेबलावर आल्यावर मी शेरा मारला, की निधी लठ्ठपणा रोखण्यासाठीचा आहे आणि स्पर्धेचं नाव काहीतरी भलतंच आहे. मुख्याधिकारी म्हणाले, "बाई, शीर्षात बसतंय ना? मग बसवा." अण्णा स्वतः माझ्या टेबलाशी येऊन खुर्ची ओढून बसले.

"लठ्ठ असं बॅनरवर लिहिलं तर कुठली आई पोरगं घेऊन येईल, सांगा बरं," ते म्हणाले. "सुदृढ लिहायचं. सगळ्यांना सवय आहे."

"आणि नंबर कसा काढणार?"

"चपळ पोरगं असेल त्याला नंबर. देशमानेबाईंना बोलावलंय. त्यांना सांगतो मी सगळं."

अण्णा सांगतो म्हणाले की काम झालं असं धरायचं नाही, हे मला त्यांच्या प्रत्येक बिलावरून माहीत होतं. पण देशमानेबाईंचं नाव ऐकून मी गप्प बसले. त्या नावापुढं आमच्या गावात कुणी बोलत नसे.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या. पंचाहत्तरीच्या घरातल्या, पांढरं नऊवारी, हातात पिशवी. बालवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून उभा जन्म काढलेला. बहात्तरच्या दुष्काळात याच वस्तीत त्यांनी दुधाची पावडर कालवून पोरं जगवली होती. सगळी जगली नाहीत; ते त्या कधी बोलत नसत. समोर बसलेल्या निम्म्या आज्या त्यांच्या पाया पडल्या. पूर्वी दरवर्षी सुदृढ बालकाचा नंबर त्याच काढायच्या, आणि त्यांनी काढलेल्या नंबरावर कधी तक्रार झाली नव्हती.

ठरल्याप्रमाणे आधी मुलांची प्रात्यक्षिकं होती. छायानं शेवटी भार्गवीला ठेवलं होतं. ती एकटी मैदानाची पूर्ण फेरी धावणार, न थांबता. छाया माईकवर सांगणार की ह्या मुलीला सहा महिन्यांपूर्वी झाडापर्यंत चाललं तरी दम लागायचा. सभेत पैसे मागायला यापेक्षा चांगला पुरावा नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते मलाही पटलं होतं.

भार्गवी निघाली आणि त्याच वेळी नगराध्यक्षांची गाडी आली. माईक छायाच्या हातातून अण्णांच्या हातात गेला. सगळी मंडळी उठून फाटकाकडं तोंड करून उभी राहिली. शाल, श्रीफळ, हार, फोटो. मंडपाच्या मागं, सगळ्यांच्या पाठीकडून, भार्गवी धावत होती. कडुलिंब गेला, राखणदाराची खोली गेली, पलीकडची भिंत गेली. लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. ती परत आली तेव्हा नगराध्यक्ष खुर्चीत बसत होते आणि टाळ्या पडत होत्या. तिला वाटलं तिच्यासाठीच आहेत. ती माझ्याकडं बघून हसली आणि धापा टाकत म्हणाली, "थांबले नाही बाई."

मग वस्तीतली सगळी मुलं रांगेत उभी केली. देशमानेबाई त्यांच्या जुन्या पद्धतीनं रांगेतून निघाल्या. एकेकाचं नख दाबून बघ, डोळ्याची खालची पापणी ओढून बघ, दात बघ, केस ओढून बघ, शेवटी दंडाला दोन बोटांनी चिमटा. श्वेतापाशी त्यांनी तोंड वाकडं केलं आणि आईला म्हणाल्या, हिला जेवायला घालत जा गं. रांगेत पुढं जाता जाता त्यांचा चेहरा कसनुसा होत चालला होता. आणि मग त्या भार्गवीसमोर थांबल्या.

मी त्यांना बघत होते. म्हातारीचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी तिचा दंड धरला, गालावरून हात फिरवला, आणि आपल्याच कानशिलावर बोटं मोडली.

"ह्या वस्तीत," त्या नगराध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, "ह्या वस्तीत असं पोर बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं हो मला. पहिला नंबर."

छाया माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. "मॅडम, मी माईक घेते. सांगते सगळ्यांना की गडबड झाली."

मी भार्गवीकडं बघितलं. ती मागं वळून बघत होती, की दुसऱ्या कुणाला म्हणाले का. मग तिला कळलं. तिनं फ्रॉकला हात पुसले, दोन्ही, नीट, आणि पुढं गेली.

मी छायाला म्हटलं, "आता घेतलास तर तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल."

छायानं हात सोडला.

बक्षीस होतं सुकामेव्याच्या लाडवांचा डबा आणि दुधात घालायच्या पावडरीची मोठी बरणी. तेही अण्णांनीच ठरवलं होतं. सुदृढ बालकाला हेच देतात. पहिल्यांदा हसला तो पेपरवाला. त्यानं मागच्या बॅनरच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं योजनेचं नाव वाचलं आणि कॅमेरा वर उचलला. मग हसणं मागच्या खुर्च्यांपर्यंत पसरलं. भार्गवीला वाटलं सगळे खूश आहेत. ती फोटोसाठी डबा छातीशी धरून उभी राहिली आणि तीही हसली.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. अण्णांचा हिशेब तेवढा बरोबर निघाला. मथळा होता: लठ्ठपणा हटवायच्या पैशातून लठ्ठपणालाच बक्षीस.

सर्वसाधारण सभेत विरोधी बाकावरच्यांनी तो पेपर हातोहात फिरवला. अर्धा तास सभागृह नुसतं हसत होतं. मी कोपऱ्यात खर्चाचे तक्ते घेऊन बसले होते. कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून धावण्याची, उड्यांची सगळी नोंद छायाकडून आणली होती. कुणी विचारलं नाही. हसणं थांबायच्या आत अण्णांनी ओळखलं की या गाडीत बसून राहण्यात नफा नाही, आणि तेच उठून म्हणाले, की योजना प्रशासनानं राबवली, आपला संबंध फक्त नारळापुरता. दुसऱ्या वर्षाचा ठराव नामंजूर. छायाचं मानधन त्याच तारखेपासून बंद, फाटकाला नगरपरिषदेचं कुलूप.

आठवड्यानं दुपारी मी टेबलावर डबा उघडला होता, तेवढ्यात भोसगे म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं पाहुणे."

भार्गवी दारात उभी होती. शाळेतून परस्पर आली असावी, गणवेशातच होती. दोन्ही हातांत पिशवी धरून ती माझ्या टेबलापर्यंत आली आणि एकेक वस्तू काढून काचेवर ठेवली. लाडवांचा डबा. बरणी. डब्यावरची चिकटपट्टी तशीच होती, बरणीचं सीलही.

मी म्हटलं, "खाल्लं नाहीस?"

तिनं मान हलवली. "हे जमा करून घ्या."

"कशाला?"

"परत दिलं की मैदान उघडतील ना?"

भोसगे हसत होता, तो थांबला. आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला शीर्ष होतं. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, मेलेलं जनावर उचलायचे पैसे. हे कशात घ्यायचं?

"नाही गं भार्गवी," मी म्हटलं. "त्यानं नाही उघडणार."

"पावडरपण दिली तरी?"

"तरी."

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "बाई, मग एक कराल का? श्वेताला आणि सगळ्यांना सांगाल का, मी परत दिलं म्हणून? ते म्हणतात, हिच्यामुळं मैदान गेलं. मी काय मागितला नव्हता नंबर. त्या आजींनी दिला."

मी म्हटलं, सांगते. तिला डबा परत घेऊन जा म्हटलं, तर हात मागं घेतले आणि पळाली. पळत जिना उतरली. माझ्या कानांनी ते टिपलं. न थांबता उतरली.

रविवारी मी वस्तीत गेले. गल्लीत मुलांचा लगोरीचा डाव रंगात आला होता. सुट्टी असल्यामुळं म्याकलांचं दार सताड उघडं होतं. आत आई शिलाई मशीनवर, उंबऱ्यावर भार्गवी. मला बघून ती उभी राहिली, पण पुढं आली नाही.

मी डाव थांबवला. नगरपरिषदेतल्या बाई म्हणून मुलं थांबली. मी त्यांना सगळं सांगितलं: की भार्गवीचा यात काही संबंध नाही, की नंबर तिनं मागितला नव्हता, की तिनं बक्षिसातला एक लाडूसुद्धा न खाता सगळं ऑफिसात आणून दिलं. बोलताना माझा आवाज जरा वर गेला, मंडपात माईकवर जायला हवा होता तसा.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. श्वेता हातात चेंडू घेऊन उभी होती. तिनं भार्गवीकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मग मैदान आलं का परत?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

"मग काय," श्वेता म्हणाली, आणि चेंडू लगोरीवर मारला.

डाव पुन्हा सुरू झाला. मी वळून उंबऱ्याकडं बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. दार उघडंच होतं. आत, पलंगाच्या कडेला, भिंतीकडं तोंड करून ती बसलेली दिसली. आईनं मशीन न थांबवता हाक मारली, "जा की गं बाहेर, आज मी आहे की." ती हलली नाही.

अण्णा डिसेंबरात निवडून आले, वाढीव मतांनी. मैदानावर त्यांनी फरशी घातली आणि ते लग्नांना भाड्यानं जायला लागलं, म्हणजे नगरपरिषदेलाही तोटा नाही. देशमानेबाई पुढच्या वर्षी गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्या समाधानात गेल्या. छायाला सांगोल्याकडं एका शाळेत नोकरी लागली, कायमची. दिवाळीला फोन असतो. माझी बदली झाली, तिथं संध्याकाळी वाचनालय होतं, निभावलं.

मागच्या वर्षी बाजारात भार्गवीची आई भेटली. मी विचारलं तर कौतुकानं सांगायला लागली, पोरगी त्या सालापासून फार शहाणी झाली. कधी दार उघडून बाहेर गेली नाही, कधी कुणाकडं खेळायला जाते म्हणाली नाही. कडी लावायचीसुद्धा गरज पडली नाही बघा.